तापन घटक क्रमांक दोन

"साहेब, हे गरम होतं का?"

हा प्रश्न चंचल रामदास पाटील, इयत्ता दहावी ब, हिने भर समारंभात माईकजवळ जाऊन विचारला. वास्तविक प्रश्न तिचा नव्हता. स्वागतगीताच्या रांगेत उभ्या असताना मयुरी आणि गायत्री या तिच्या मैत्रिणींनी तो ओठ न हलवता तयार केला होता, आणि विचारून दाखवलास तर एक प्लेट वाफवलेला सुरती लोचो, वर डबल शेव, अशी पैज लावली होती. चंचलला गेल्याच महिन्यात आंतरशालेय वक्तृत्वात दुसरा नंबर मिळाला होता. तेव्हापासून हा आवाज नुसता हजेरीला 'हजर' म्हणण्यात घालवणं म्हणजे त्याची नासाडी, असं तिचं ठाम मत झालं होतं. लोचो नसता तरी तिने विचारलं असतं. होता, हे बरं झालं.

समारंभ सुरतेत गोडादऱ्याच्या कडेला असलेल्या सार्वजनिक प्रसूतिगृहात होता. साल शहाण्णव, महिना जानेवारी. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊब द्यायला तिथे एक यंत्र आलं होतं. लोक त्याला बेबी वॉर्मर म्हणत. कागदोपत्री त्याचं नाव 'नवजात शिशु प्रगत तापन संयंत्र' होतं, आणि त्यातला जो भाग तापणं अपेक्षित होतं त्याला 'तापन घटक' म्हणत. यंत्र इच्छापोरच्या तेजोमय मेडिहीट या कंपनीने बनवलं होतं. कंपनीचे इंजिनीयर भूपेंद्रभाई यांनी तापन घटकावर पस्तीस मिनिटं भाषण केलं. क्वार्ट्झची नळी, नळीत निक्रोमच्या तारेचं वेटोळं, मागे चकचकीत परावर्तक, बाळाच्या पोटावर चिकटवायचा सेन्सर, अर्ध्या अंशाचा फरक ओळखणारं नियंत्रण. सगळ्या माना डोलल्या. मग सूत्रसंचालकाने रिवाजाप्रमाणे विचारलं, "कुणाला काही शंका?" ही इमारत उभी राहिल्यापासून इथे कुणाला काही शंका आलेली नव्हती. त्यामुळे तो विचारता विचारता आभाराचा कागद उघडत होता.

आणि चंचल माईकपाशी पोहोचली.

"एलिमेंट आठशे वॉटचा आहे, बेन," भूपेंद्रभाई प्रेमाने म्हणाले.

"हो. पण गरम होतं का?"

"क्वार्ट्झ इम्पोर्टेड आहे."

"हो. पण गरम..."

"दोन वर्षांची वॉरंटी आहे."

लोक हसले. मग टाळ्या वाजल्या. त्या चंचलसाठी होत्या की वॉरंटीसाठी, हे स्पष्ट झालं नाही. टाळ्या वाजवणाऱ्यांत चंचलचे वडील रामदास पाटीलही होते. ते त्याच कंपनीत ठेक्यावर कॉइल गुंडाळण्याच्या कामाला होते आणि खुर्च्या भराव्यात म्हणून ठेकेदाराने त्यांच्यासह चाळीस जणांना टेंपोतून आणलं होतं. ठेकेदार टाळ्या वाजवतो तोवर टाळ्या वाजवायच्या, एवढी सूचना टेंपोत देण्यात आली होती.

या वेळी प्रसूतिगृहाचे अधीक्षक नुसतं 'होतं हो' म्हणाले असते तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण बावीस वर्षांच्या नोकरीत अधीक्षकांनी कुठल्याही गोष्टीला तोंडी होकार दिलेला नव्हता, आणि निवृत्ती चार वर्षांवर आली होती. ते म्हणाले, "शंकेची नोंद घ्या."

हेडक्लार्क बन्सीलाल यांनी नोंद घेतली. शंका क्रमांक १/९६. शंका घेणार: कु. चंचल. शंकेचा विषय: गरम होणे अथवा न होणे.

आता नियम असा होता की ज्या वस्तूविषयी शंका नोंदली गेली आहे ती, शंकेचं निवारण होईपर्यंत, वापरात आणू नये. नियम एकसष्ट सालचा होता आणि खोकल्याच्या औषधात झुरळ निघालं तेव्हा केलेला होता. पण नियमात 'वस्तू' असं लिहिलं होतं, आणि यंत्र ही वस्तू नाही असं म्हणण्याचे अधिकार बन्सीलालना नव्हते. त्यांनी प्लास्टिकचं कव्हर पुन्हा चढवलं आणि पाहुण्यांनी कापलेली लाल फीत दोन गाठी मारून पुन्हा बांधली.

चंचलने लोचो खाल्ला. डबल शेव मयुरीच्या वाट्याची होती, तीही खाल्ली.

*

अकराव्या दिवशी चंचलची वहिनी कुसुम हिला कळा सुरू झाल्या.

खानदेशच्या रिवाजाप्रमाणे पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं. सातव्याची चोळी झाली होती, मंगळवारच्या भुसावळ पॅसेंजरने कुसुमला अमळनेरला पोहोचवायचं ठरलं होतं, आणि तिच्या भावाला तसं पत्रही गेलं होतं. बाळाला पत्राची कल्पना नसावी. ते सोमवारी दुपारीच आलं. वजन एक किलो सहाशे. रडणं मांजराच्या पिल्लासारखं, आणि पाय गार.

"याला ऊब पाहिजे, आणि आत्ता पाहिजे," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "नशीब म्हणजे आपल्याकडे यंत्र आहे." मग त्यांचा चेहरा पडला. "पण ते शंकेत आहे."

"कोणाच्या शंकेत?" चंचलची आई रुक्मिणी हिने विचारलं.

मॅडमनी यंत्राला लावलेला कागद वाचला. "कुणी चंचल पाटील आहे."

पाटील कुटुंबाने चंचलकडे पाहिलं. तिचा भाऊ, म्हणजे बाळाचा बाप दीपक, लूमवरून धावत आला होता आणि त्याच्या केसांत सुताचे तंतू होते. तो बोलला असता तर चंचलला बरं वाटलं असतं.

ती जिना उतरून थेट बन्सीलालच्या टेबलापाशी गेली.

"काका, मला माझी शंका परत पाहिजे."

बन्सीलालनी चष्म्यावरून पाहिलं. ते मूळचे नंदुरबारचे, पण तीस वर्षं सुरतेत काढल्याने त्यांच्या मराठीला थोडा गोडवा आणि भरपूर सावकाशी आली होती.

"परत मिळते ने, बेटा. का नाही मिळणार. नमुना 'ग' भरायचा. वय किती?"

"पंधरा."

"मग पालकाची सही. पालक कुठे काम करतात?"

"इच्छापोरला. तेजोमयमध्ये."

"हं. म्हणजे ज्या कंपनीच्या यंत्राबद्दल शंका, त्याच कंपनीचा माणूस शंका मागे घेणार. ते कसं दिसेल? वर विचारतील ने, दबाव आला होता का म्हणून."

"मग मी एकटीच सही करते."

"तू अज्ञान."

"अज्ञान होते तर शंका कशी नोंदवली?"

"शंका घ्यायला वयाची अट नाही," बन्सीलाल म्हणाले. "सोडायला आहे."

चंचलने वक्तृत्वात शिकवल्याप्रमाणे एक दीर्घ श्वास घेतला. "बरं. मग शंका फेडा. यंत्र चालू करा. गरम झालं की संपलं."

बन्सीलालनी खणातून यंत्राचं माहितीपुस्तक काढलं आणि पान सात तिच्यापुढे सरकवलं. त्यात लिहिलं होतं की सेन्सर बाळाच्या अंगाला चिकटवल्यावरच तापन घटक सुरू होतो. बाळ नसेल तर यंत्र शिट्टी मारतं आणि तापत नाही. तंत्रज्ञान प्रगत होतं, ते असं.

"म्हणजे गरम होतं का हे बघायला यंत्रात बाळ ठेवावं लागणार," बन्सीलाल समजावून म्हणाले. "आणि गरम होतं हे सिद्ध झाल्याशिवाय यंत्रात बाळ ठेवता येत नाही. तूच सांग, यात माझं काय चुकतंय?"

चंचलने खरोखर विचार केला. त्यांचं काहीच चुकत नव्हतं. त्यांच्यामागच्या कपाटात दोनशे फायली होत्या, आणि त्यातल्या एकाही फायलीत कुणाचं काही चुकलेलं नव्हतं.

"मग दादा घरून शंभरचा बल्ब आणतो. पाळण्यावर टांगू."

"खासगी बल्बला परवानगी नाही. सरकारी विजेवर खासगी ऊब होते ती."

*

चंचल वर आली तेव्हा आजीने प्रश्न सोडवून टाकला होता.

सुभद्राबाई, म्हणजे रामदासची आई, हिने कुणाला काही विचारलंच नव्हतं. कुसुमला सलाईन लावलेलं, ती तापाने फणफणलेली. तिच्याजवळ बाळ ठेवणं शक्य नव्हतं. म्हातारीने भिंतीला पाठ लावून बैठक मारली, चोळीच्या गाठी सोडल्या, बाळाला उघडंच छातीशी धरलं, आणि वरून स्वतःचा पदर, पदरावरून कापड मार्केटातल्या नमुन्याच्या चिंध्या, अशा एकावर एक गुंडाळल्या. चौदा रंगांच्या त्या गाठोड्यातून बाळाची फक्त टोपी दिसत होती. उषाबाई आयाने थर्मामीटर लावून पाहिला. तासाभरात छत्तीस, दोन तासांत साडेछत्तीस, संध्याकाळी छत्तीस पूर्णांक आठ.

"आजी, हात दुखेल," चंचल म्हणाली.

"दुखू दे. तुना बापले बी असंच धरं व्हतं," आजी म्हणाली. "तो बी आठ महिनानाच. आते देख, ठेकेदारना टाळ्या वाजाडस."

बाळ आजीच्या अंगावर राहिलं. दूध पाजायला तेवढं कुसुमकडे जाई आणि परत येई. आजी जेवायची बसून, झोपायची बसून. रुक्मिणी रोज डबा आणायची आणि सासूच्या डोक्याला तेल लावून द्यायची. चंचल शाळा सुटली की दप्तरासकट यायची आणि बाळाच्या टोपीकडे बघत भूगोल पाठ करायची. टोपी वर-खाली होत असे. ती तशी होत राहावी, एवढंच तिला त्या दिवसांत वाटत होतं, आणि दर वेळी टोपी खाली गेली की लोचोची चव तोंडात येत होती.

नवव्या दिवशी त्रैमासिक अहवालाची तारीख आली.

अहवालात एक रकाना होता: 'कक्षातील तापन घटक कार्यरत आहे काय?' 'नाही' लिहिलं की कारणं द्यावी लागत, आणि कारणं देण्याची अधीक्षकांना सवय नव्हती. 'होय' लिहिलं तर शंका क्रमांक १/९६ आडवी येत होती. अधीक्षकांनी अहवाल बन्सीलालकडे सरकवला. बन्सीलाल तो घेऊन कक्षात आले आणि सहज म्हणून त्यांनी बाळाचा तक्ता पाहिला. छत्तीस पूर्णांक आठ. छत्तीस पूर्णांक आठ. नऊ दिवस सरळ रेघ.

"हे कशाने होतंय?" त्यांनी विचारलं.

उषाबाईने हनुवटीने म्हातारीकडे दाखवलं.

बन्सीलाल बराच वेळ सुभद्राबाईंकडे पाहत राहिले. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना प्रथमच एक कल्पना सुचत होती, आणि ती वाटेत अडू नये म्हणून ते हलत नव्हते. मग त्यांनी विचारलं, "आजीबाई, तुम्ही गरम असता का? म्हणजे सतत?"

"कसाले इचारस रे भो?" आजी म्हणाली. "हात लाई देख."

बन्सीलालनी हात लावला नाही. तशी तरतूद नव्हती. पण त्यांनी साठ्याचं रजिस्टर मागवलं आणि नव्या ओळीवर लिहायला सुरुवात केली.

वस्तूचं नाव: तापन घटक, क्रमांक दोन. बनावट: देशी. उत्पादनाचं साल?

"तापीले मोठा पूर उना ते साल," आजी म्हणाली.

बन्सीलालनी 'पूरवर्ष' असं लिहिलं. ऊर्जेचा स्रोत: चहा, भाकरी. वंगण: खोबरेल, रोज एकदा. क्षमता किती वॉट, याची माहिती त्यांना नव्हती, म्हणून त्यांनी इच्छापोरला फोन लावून भूपेंद्रभाईंना विचारलं. भूपेंद्रभाई हुशार माणूस. ते म्हणाले, स्वस्थ बसलेलं माणसाचं शरीर साधारण शंभर वॉट उष्णता देतं. बन्सीलालनी शंभर लिहिलं, आणि शेऱ्यात: 'घटक क्रमांक एकच्या तुलनेत साडेसत्त्याऐंशी टक्के विजेची बचत.'

दुसऱ्या दिवशी आजीच्या मनगटाला दोऱ्याने पत्र्याचा बिल्ला बांधण्यात आला. त्यावर पांढऱ्या रंगात लिहिलं होतं: ता. घ. २.

"हाऊ रेशनना नंबर शे का?" आजीने विचारलं.

"नाही, आजी. तू आता सरकारी मालमत्ता आहेस," चंचल म्हणाली.

"मंग पेन्शन भेटी का?"

पेन्शन नव्हती, पण इतर सर्व काही लागू झालं. तापन घटक कक्षाबाहेर न्यायचा तर गेटपास लागे. आजीला मोरीत जायचं झालं की उषाबाई चलन फाडायची: 'घटक तात्पुरता हलवला', परत आली की 'घटक सुस्थितीत परत'. एकदा आजीला शिंक आली, तर उषाबाईने इमाने इतबारे 'आवाज येतो' अशी नोंद केली, आणि त्यावर देखभाल विभागाने 'घटक उघडून पाहावा काय' अशी विचारणा केली. मॅडमनी त्या कागदाची होडी करून बाळाच्या पाळण्यात टाकली. पाळणा रिकामाच होता.

बाळ दोनशे ग्रॅमने वाढलं.

*

अहवाल वर गेला. वर म्हणजे कुठे ते कुणालाच नक्की माहीत नव्हतं, पण तिथे कुणीतरी दोन कागद एकाच वेळी वाचणारा होता, आणि ही गोष्ट दुर्मिळ होती. एका कागदावर शंका होती: तापन घटक गरम होतो काय? दुसऱ्या कागदावर अहवाल होता: तापन घटक कार्यरत, तापमान छत्तीस पूर्णांक आठ, अखंड नऊ दिवस, तक्रार नाही. घटकाचा क्रमांक दोन होता, पण तो पुढच्या पानावर होता. वर पुढचं पान उलटण्याची पद्धत नव्हती.

शंका क्रमांक १/९६ निकाली निघाली. शेरा पडला: 'होय, होतो.'

त्यानंतर सगळं भराभर झालं. यंत्राला प्रमाणपत्र मिळालं. प्रमाणपत्राला काच बसवून ते यंत्राच्या डोक्यावर, बरोबर परावर्तकासमोर टांगण्यात आलं. तेजोमय मेडिहीटने रंगीत पत्रक छापलं. त्यात यंत्राचा फोटो होता आणि खाली मोठ्या अक्षरांत 'प्रत्यक्ष बाळावर सिद्ध' असं लिहिलं होतं. कोपऱ्यात चौदा रंगांचं काहीतरी अस्पष्ट दिसत होतं. ते पडदे असावेत असं सर्वांनी मानलं. आणखी सहा यंत्रांची मागणी नोंदली गेली. या सगळ्यावर मिळून तेवीस लोकांनी सह्या केल्या.

इथवर यंत्र कुणीही एकदाही चालू केलेलं नाही, हे वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेल तर उत्तम. आलं नसेल तर वाईट वाटून घेण्याचं कारण नाही. त्या तेवीस जणांच्याही आलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी बन्सीलाल स्वतः पाटलांकडे आले. गोडादऱ्यातली ती दहा बाय बाराची खोली, त्यात त्यांना खुर्ची देण्यात आली आणि घरच्यांनी उभं राहायचं ठरवलं.

"आनंदाची बातमी आहे," बन्सीलाल म्हणाले. "उद्या सकाळी दहाला तुमच्या बाळाला समारंभपूर्वक यंत्रात ठेवायचं आहे. पाहुणे येणार, फोटो निघणार. यंत्र आता शंकामुक्त आहे."

"आणि आजी?" चंचलने विचारलं.

"एका बाळामागे दोन तापन घटक ठेवता येत नाहीत, बेटा. जुना घटक निर्लेखित, म्हणजे रजिस्टरातून कमी, करावा लागतो." बन्सीलालनी घसा साफ केला. "निर्लेखित मालाचा लिलाव होतो, नाहीतर नाश. पण मी माणूस आहे. मी 'नातेवाईकांस परत' असं लिहून घेतलंय. दहाच्या आत बिल्ला जमा करायचा आणि म्हातारीने कक्ष सोडायचा."

"बाळ आजीकडेच राहू दे ना चार दिवस. ते वाढतंय."

"राहिलं असतं. पण मग यंत्र कुणासाठी?" बन्सीलालनी खिशातून छापील कार्यक्रमपत्रिका काढली. "आणि तुझंही नाव आहे, बघ. बाब क्रमांक चार, पाहुण्यांना पुष्पगुच्छ. बाब क्रमांक सहा, विद्यार्थिनीचे शंकासमाधान. तू माईकवर यायचं आणि म्हणायचं, 'माझी शंका फिटली.' चार शब्दसुद्धा नाहीत. तुझा आवाज चांगला आहे असं अधीक्षक म्हणत होते."

बन्सीलाल चहा पिऊन गेले. जाताना त्यांनी दारातल्या चपला नीट जुळवून ठेवल्या. माणूस वाईट नव्हता.

रामदास पाटलांना मुलीचं नाव छापून आल्याचा आनंद झाला होता. पत्रिका दोन्ही हातांत धरून ते पुन्हा पुन्हा वाचत होते. रुक्मिणीने पेटीतून चंचलचा दिवाळीचा ड्रेस काढला आणि त्याच्या घड्या मोडू लागली.

"बाबा," चंचल म्हणाली, "त्या यंत्रातली कॉइल तुम्ही गुंडाळली ना?"

"आमच्याच लाइनवरची. दोनशे बारा वेटोळी. एक कमी नाही, एक जास्त नाही," रामदास अभिमानाने म्हणाले.

"आणि ती तापते?"

"आमचं काम वेटोळ्यांचं, माय. तापवून बघायचं खातं वेगळं आहे."

"त्या खात्यात कोण आहे?"

रामदासनी पत्रिका खाली ठेवली. "ते खातं अजून सुरू व्हायचंय. जागा ठेवलीय त्याच्यासाठी. सध्या तिथे सायकली लावतात."



"तरीपण," रामदास म्हणाले, "इतक्या लोकांनी सह्या केल्यात. कोणीतरी बघितलं असेल ना."

"तुम्ही बघितलं?"

"मी कसा बघणार? मी खुर्चीत होतो."

"टाळ्या का वाजवल्या मग?"

"काय व चंचल," रुक्मिणी मध्ये पडली, "सगळेच वाजवत होते. मी नव्हते, मी असते तर मीबी वाजवल्या असत्या. शेजारणी विचारतात, उद्या आम्ही येऊ का बघायला. अख्खी गल्ली येणार आहे. तू एवढं फिटली म्हण आणि गुच्छ दे. पोराचं सगळं चांगलं होईल."

"आणि यंत्र थंडच असलं तर?"

रुक्मिणीने ड्रेस मांडीवर ठेवला. ती घडीवरून हात फिरवत राहिली.

"तर ते कळणार कसं कुणाला," ती हळूच म्हणाली. "सगळे तर फोटोकडे बघत असतील."

चंचलने कार्यक्रमपत्रिका उचलली. बाब क्रमांक सहाच्या पुढे थोडी मोकळी जागा होती. माहितीपुस्तकातलं पान सात तिला पाठ होतं. दहावीच्या भूगोलापेक्षा जास्त पाठ होतं. सेन्सर अंगाला चिकटला की यंत्र सुरू होतं, असं तिथे लिहिलं होतं. अंग बाळाचंच पाहिजे, हे यंत्राला समजण्याइतकं तंत्रज्ञान काही प्रगत नव्हतं. हे सगळ्यांना माहीत असू शकलं असतं. तिला स्वतःलाही, बाळ येण्याच्या अकरा दिवस आधीच, माहीत असू शकलं असतं, लोचो खाण्याच्या ऐवजी तिने दोन पावलं पुढे टाकली असती तर.

"आई, बाबा, ऐका," ती म्हणाली, आणि तिचा आवाज वक्तृत्वात लागला होता त्याहून बराच खाली लागला. "उद्या मी गुच्छ देणार नाही. बाब सहाला मी माईकवर जाणार, ते प्रमाणपत्र काढून बाजूला ठेवणार, सेन्सर माझ्या मनगटाला चिकटवणार आणि दुसरा हात त्या नळीखाली धरणार. गरम लागलं तर फिटली म्हणेन, मोठ्याने म्हणेन. नाही लागलं तर तेही तेवढ्याच मोठ्याने. तोपर्यंत बाळ हलणार नाही, आजीचा बिल्ला निघणार नाही. आणि गल्लीतल्या सगळ्यांना येऊ दे, फक्त त्यांना सांगून ठेवा, माझा हात बाहेर निघेपर्यंत कुणीही टाळ्या वाजवायच्या नाहीत. बाबा, तुम्हीसुद्धा."